पात्यावरची पाण्याची रेघ (हामोन): पोलाद, माती, पाणी आणि मग पॉलिश

आगटी

'पॉलिश करून रेघ कशी उठवायची' हा प्रश्न इथे पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तरं सगळी पॉलिश पेपरच्या नंबरांवर येतात. म्हणून वेगळा धागा काढतोय. पाणी देताना (म्हणजे तापवलेलं पातं बुडवून कडक करताना) पात्यात रेघ पडलीच नसेल तर २००० नंबरपर्यंत घासूनही आरसाच मिळेल, रेघ नाही.

रेघ म्हणजे दोन वेगळ्या रचनांची हद्द. धारेकडचं पोलाद झपाट्याने थंड झालं की मार्टेन्साइट होतं, म्हणजे कडक. पाठीवर मातीचा थर असल्याने तिथलं सावकाश थंड होतं आणि पर्लाइट राहतं, म्हणजे मऊ आणि चिवट. मधे दोन्हींची सरमिसळ असलेला पट्टा असतो. जपानी लोक या सगळ्याला हामोन म्हणतात.

आता पोलाद. इथे कार्बनपेक्षा मँगनीजकडे आधी बघा. मँगनीज, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम पोलादाला सावकाश थंड झालं तरी कडक व्हायला मदत करतात. आपल्याला नेमकं उलट हवं आहे: मातीखाली जरा हळू थंड झालं की कडक होऊ नये.

१०९५ (हे असले आकडे म्हणजे पोलादाच्या प्रतींची नावं) मध्ये कार्बन ०.९० ते १.०३ टक्के आणि मँगनीज ०.३० ते ०.५० टक्के असतं. रेघेसाठी हे उत्तम, पण पाणी देताना अजिबात माफ न करणारं. १०७५ मध्ये मँगनीज ०.४० ते ०.७०, म्हणजे बॅचवर अवलंबून. डब्ल्यू-२ मिळालं तर सोडू नका, त्यातल्या थोड्या व्हॅनेडियममुळे कण बारीक राहतात. आपल्याकडे सहज मिळणारं ईएन-४२जे मधल्या फळीतलं. रेघ येते, पण मँगनीज जास्त असल्याने सरळसोट, नक्षी फारशी नाही. ईएन-३१ बेअरिंगचं पोलाद आहे, त्यात एक टक्क्याच्या वर क्रोमियम असतं, या कामाला घेऊ नका. जुनी चांगली कानस चालते. फक्त काही स्वस्त कानशी वरच्यावरच कडक केलेल्या असतात आणि आत साधं लोखंड असतं. म्हणून आधी एक तुकडा कापून, तापवून, पाण्यात बुडवून मोडून बघा. मोडलेला भाग आरपार एकसारखा राखाडी आणि मखमली दिसला तर ठीक.

पात्याचं माप: मासे कापायच्या सुरीसाठी ३ मिमी जाडीची पट्टी, पातं १८० मिमी, रुंदी ४० मिमी. पाणी द्यायच्या आधी धार अजिबात काढू नका. तेलात बुडवणार असाल तर धारेची कड किमान १ मिमी, पाण्यात बुडवणार असाल तर १.५ ते २ मिमी ठेवा. मुठीची भोकं आधीच पाडा. मुठीकडच्या शेपटीचा कोपरा गोल कानशीने गोलसर करा, चौकोनी खाच म्हणजे तडा जायला आयतं आमंत्रण. शेवटचा हात २२० पेपरचा, तोही पात्याच्या लांबीत. धारेला आडवा गेलेला एक खोल ओरखडाही पाण्यात फाटू शकतो.

ठोकून बनवलेलं पातं असेल तर नॉर्मलायझिंग तीनदा: आधी ८७० अंश, मग ८२०, मग ७७०. दर वेळी भट्टीतून काढून शांत हवेत काळं पडेपर्यंत लटकवायचं. पंख्याखाली किंवा दारातल्या वाऱ्यात नको, वाकतं. ठोकताना कण मोठे झालेले असतात, ते याने बारीक होतात. (सगळे आकडे सेल्सिअस.)

मातीचं आणि पाण्याचं पुढच्या प्रतिसादात.

---

कोयती_आकडी

चांगला धागा. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करा, नाहीतर निम्मे लोक घरातली कोयती घासत बसतील. आपल्याकडच्या कोयत्या ट्रकच्या कमानपाट्याच्या. आमचो लोहार एका वाक्यात सांगता: कमानपाट्यार ही रेघ गावाची नाय (म्हणजे मिळायची नाही).

---

आगटी

लोहाराचं बरोबर आहे, कारण असं. कमानपाटा बहुधा ईएन-४५ किंवा एसयूपी-९ असतो. ईएन-४५ मध्ये सिलिकॉन दीड ते दोन टक्के आणि मँगनीज ०.७ ते १.०, कार्बन जेमतेम ०.५ ते ०.६. एसयूपी-९ मध्ये मँगनीजच्या जोडीला क्रोमियम. दोन्ही मातीखालीही कडक होतात.

कमानपाट्यावर माती न लावता फक्त धारेकडची १५-२० मिमी कड तेलात धरली तर एक सरळ, पुसट हद्द येते. कोयतीला तेवढं पुरतं. खरं तर झाडाच्या फांद्या तोडायला चिवट कमानपाटाच बरा, १०९५ ची कोयती नारळाच्या सोटावर आडवी बसली तर धारेचा टवका उडतो. तेव्हा रेघ सुरीवर आणि आडाळीच्या (विळीच्या) पात्यावर करावी. कोयतीवर हट्ट नको.

---

सूक्ष्मदर्शी

मातीचं मी लिहितो.

जपानी पद्धतीत चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड साधारण समप्रमाणात घेतात. चिकणमाती धरून ठेवते. कोळशाची पूड आकसणं कमी करते. दगडाची पूड थर फुटू देत नाही. आपल्याकडे: फायर क्ले (भट्टीची उष्णता सोसणारी माती) १ वाटी, करवंटीच्या कोळशाची कपड्यातून चाळलेली पूड १ वाटी, बारीक सिलिका वाळूची किंवा विटेची पूड १ वाटी. पाणी घालून दह्याइतकं घट्ट. रात्रभर मुरू द्या. चिकटत नसेल तर चमचाभर वॉटर ग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट. जास्त नको, थर काचेसारखा होऊन नंतर निघता निघत नाही.

जांभ्याची तांबडी माती चालेल का, हे कुणीतरी विचारणारच. चालते, पण चाळणीतून गाळून, खडे काढून. चुलीला सारवायला वापरतात ती वारुळाची माती जास्त चिकट असते, ती फायर क्लेच्या जागी अर्धी घालून बघा. एकट्या मातीचा थर मात्र वाळताना भेगाळतो, कोळसा आणि वाळू हवीच.

लावायच्या आधी पातं ॲसिटोनने पुसा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर नेमका तिथलाच पोपडा भट्टीत उडतो. आधी सगळ्या पात्यावर, धारेसकट, अगदी पातळ हात फिरवायचा, रंगाच्या एका कोटाइतका. यामागचं कारण लोकांना उलटं वाटतं. पातळ थराने थंड होण्याचा वेग कमी होत नाही, वाढतो. नुसतं तापलेलं पातं पाण्यात गेलं की त्याभोवती वाफेची गवसणी तयार होते आणि पाणी पात्याला टेकतच नाही. खरखरीत मातीने ती गवसणी लवकर फुटते. माती अडवते ती फक्त जाड असेल तेव्हा.

मग जाड थर: पाठीकडून रुंदीच्या निम्म्यापर्यंत, २ ते ३ मिमी. त्याहून जाड लावू नका. फार जाड माती स्वतःच उष्णता साठवते आणि ती धारेकडे सोडते. मग रेघ मातीच्या कडेच्या खाली घसरते, कधी थेट धारेपर्यंत. ४० मिमी रुंद पात्यावर माती धारेपासून १८-२० मिमी वर थांबली तर रेघ साधारण १२-१५ वर येते. पहिल्या पात्यावर मातीची कड आणि रेघ दोन्ही मोजून ठेवा, तुमच्या भट्टीचा फरक कळेल.

नक्षी हवी असेल तर जाड थरापासून धारेच्या दिशेने बारीक आडव्या रेषा ओढा. जपानीत यांना आशी म्हणतात. सुरीच्या बोथट पाठीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, एक मिमी उंच, ८ ते १० मिमी अंतराने. धारेच्या ४-५ मिमी अलीकडे थांबा. दोन्ही बाजूंना समोरासमोर यायला हव्यात. पातं एकाच बाजूला वाकतं त्याचं एक मोठं कारण दोन बाजूंची असमान माती.

बाइंडिंग वायरचे चार-पाच सैल वेढे दिले तर माती भट्टीतून पाण्यापर्यंत टिकते.

---

श्रावणसर

पावसाळ्यात माती वाळतच नाही, दोन दिवस झाले तरी बोट लावलं की ओली. काय करावं?

---

सूक्ष्मदर्शी

@श्रावणसर, वाट बघू नका. ओटीजीत ६० अंशांवर एक तास, मग ११० वर अर्धा तास. ओटीजी नसेल तर चुलीच्या वैलावर, ज्वाळेपासून लांब. ओली माती लाल भट्टीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन थर फटाक्यासारखा उडतो, तुकडे डोळ्यात जातात. चष्मा घाला.

---

रापण

वाचतोय. प्रश्न: पातं बुडवायला मीठपाणी घेतात म्हणे, मग समुद्राचं पाणी का नको? दारात फुकट आहे.

---

आगटी

@रापण, समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के. आपल्याला ५ ते १० टक्के हवं. लिटरमागे ४० ग्रॅम जाडं मीठ घातलंत तर काम होईल. गाळून घ्या. पण खाडीचं पाणी जून ते सप्टेंबर भरवशाचं नाही, वरून येणाऱ्या पुराच्या पाण्याने ते जवळजवळ गोडं होतं. त्यापेक्षा विहिरीचं २० लिटर पाणी आणि दीड किलो मीठ, दर वेळी सारखं. मीठ का, तर तेच वाफेच्या गवसणीचं: पात्यावर मिठाचे कण सुटतात आणि ती फोडतात.

आता ताव, म्हणजे किती तापवायचं. १०९५ साठी ८०० अंश, १०७५ साठी ८१५ च्या आसपास. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि कंट्रोलर असलेली मफल भट्टी असेल तर ५ ते १० मिनिटं धरा. कोळशाच्या भट्टीत लोहचुंबक: पोलाद ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याहून जेमतेम एक छटा वर. अजून बारीक खूण हवी तर पात्यातली सावली बघा. तापताना पात्याच्या रंगात काळसर ढगासारखी सावली फिरते, रचना बदलताना पोलाद उष्णता ओढून घेतं म्हणून. ढग पूर्ण पुसला गेला आणि पातं टोकापासून मुठीपर्यंत एकाच रंगाचं झालं की पोलाद तयार. हे उजेडात दिसत नाही. शेडच्या छपरात काचेचं कौल असेल तर त्यावर गोणपाट टाका, किंवा काम दिवेलागणीनंतर करा. दुपारच्या उन्हात जो रंग लाल वाटतो तो अंधारात चांगला नारिंगी असतो, आणि ८५० च्या वर गेलात की कण मोठे, तडे जास्त, रेघ जाडीभरडी.

करवंटीचा कोळसा झकास तापतो, पण भाता जोरात मारला की एकाच जागी पांढरा डाग पडतो. टोक पातळ असल्याने ते आधी तापतं. टोक भट्टीच्या पलीकडे ठेवा, पातं मागेपुढे करत राहा. भट्टीत लोखंडी नळी आडवी ठेवून तिच्यात पातं ठेवलं तर ताव बराच सारखा बसतो.

बुडवणं. भट्टीतून पाण्यापर्यंत एक-दोन सेकंद, त्यापेक्षा जास्त नाही. १०९५ ला लाल तावापासून साधारण ५४० अंशांखाली यायला एका सेकंदाच्या आत वेळ असतो, नाहीतर धारेतच पर्लाइट सुरू होतं. बादली भट्टीपासून एका पावलावर. धार खाली करून, आडवं, सपाट, एकदम. तिरकं नाही, डावी-उजवीकडे हलवायचं नाही. मागेपुढे, सुरी चालवतो तसं.

मी दोन टप्प्यांत करायला सांगेन: तीन सेकंद मीठपाण्यात, बाहेर, लगेच तेलात, आणि हाताला सोसेल इतकं गार होईपर्यंत तिथेच. पहिल्या टप्प्यात धार कडक व्हायचा वेग मिळतो. दुसऱ्यात मार्टेन्साइट होताना पोलाद फुगतं ते हळू फुगतं, तडा टळतो. पाणी कोमट, ३५-४० अंश. तेल ५० अंश, निदान ८ लिटर. तापलेली लोखंडी सळी बुडवली की तेल तेवढं तापतं. तेल लोखंडी डब्यात ठेवा आणि डब्याचं झाकण हाताशी. पावसाळ्यात तेलाच्या तळाशी पाणी साचलेलं असतं. तेल तापवलंत की ते फसफसून वर येतं आणि पेटतं. आधी तळ तपासा.

पाण्यात गेल्यावर काय होतं ते नीट बघा. पहिल्या क्षणी धार आधी आकसते म्हणून पातं खाली वाकतं, टोक खाली जातं. मग धारेचं मार्टेन्साइट फुगतं आणि पातं उलट वर येतं. जपानी तलवारीची वक्रता याच ओढाताणीतून येते. सरळ सुरी हवी असेल तर आधीच थोडी खाली वाकवून घ्यावी लागते. नुसत्या तेलात बुडवलं तर पातं खालीच वाकलेलं राहण्याचा कल असतो.

बारीक 'टिक' ऐकू आलं तर पातं गेलं. तडा बहुधा धारेवर उभा, केसाएवढा. तेल लावून पुसा आणि वर खडूची पूड टाका, तड्यातून तेल झिरपून रेघ काळी दिसते. असं पातं वापरू नका, सुरी मधेच तुटून हाताला लागते.

---

सूक्ष्मदर्शी

दोन दुरुस्त्या. पहिली, १०९५ मध्ये मार्टेन्साइट सुमारे २१५ अंशांना सुरू होतं. म्हणून तीन सेकंद हा आकडा ३ मिमीच्या पात्यापुरता. २ मिमीच्या पात्याला तीन सेकंदांत धार पूर्ण गार झालेली असते, मग तेलाचा काही उपयोग नाही. तिथे दीड-दोन सेकंद, किंवा सरळ वेगवान क्वेंच ऑइल (पातं बुडवायचं खास तेल).

दुसरी, खोबरेल तेलाबद्दल. घराघरात आहे म्हणून लोक तेच घेतात. १०९५ ला ते पुरेसं वेगवान नाही. धार कडक झाल्यासारखी वाटते, पण कानस मधेमधे चावते. ईएन-४२जे ला चालतं. थंडीत गोठतं, तापवून वितळवा.

---

आगटी

मान्य, दोन्ही.

पुढचं: माती झाडून नवी कानस धारेवर ओढून बघा. काचेवर घसरल्यासारखी घसरली तर कडक. वरची पापुद्र्यासारखी कार्बन गेलेली कड मऊ असते, ती दोन-तीन हात घासून मग बघा, नाहीतर चांगलं पातं उगीच नापास होतं.

टेंपर (कडक पातं पुन्हा मंद तापवून चिवट करणं) तासाभरात. 'उद्या करू' म्हणून ठेवलेलं पातं रात्रीतून फाटतं, कारण आतला ताण सुटलेला नसतो. सुरीला २०० अंश, दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. धार साधारण ६१ एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपास येते. हाडं-खवलं तोडणार असाल तर २३० वर. ओटीजीच्या डायलवर विश्वास नको, ताटलीत बारीक वाळू घालून तीत पातं पुरा आणि थर्मामीटर वाळूत खोचा. घासलेल्या जागी फिकट गवती पिवळा रंग आला तर २०० च्या जवळपास आहात. निळा आला तर ३०० झाले, पुन्हा पहिल्यापासून.

---

कानसवाला

आता माझ्याकडे द्या.

पहिली चूक: टेंपरनंतर लगेच आम्लात घालून 'रेघ दिसत नाही' म्हणून निराश होणं. वरचा कार्बन गेलेला थर जाईपर्यंत रेघ फसवी किंवा अदृश्य असते. दर बाजूने ०.२ ते ०.३ मिमी काढा. बेल्ट ग्राइंडर असेल तर उघड्या बोटांनी पातं धरा, हातमोजे नको. बोटाला ऊब लागली की पाण्यात. धारेवर निळसर छटा आली तर तिथलं पाणी उतरलं, परत येत नाही.

मग हातानेच. क्रम: २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. पेपर सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर. बोटावर गुंडाळून घासू नका. ॲल्युमिनियमची २५ मिमी पट्टी, तिला पातळ चामडं किंवा रबर चिकटवलेलं. ४०० पर्यंत कडक पट्टी, नंतर मऊ. सपाट पाठिंबा नसेल तर पाठ आणि धार यांच्या मधली कड गोल होते आणि रेघ पसरट दिसते.

प्रत्येक नंबरला दिशा बदला. २२० आडवं, ३२० तिरकं, ४०० उलट तिरकं. आधीच्या नंबरचा एकही ओरखडा उरला नाही याची खात्री झाल्यावरच पुढे. हे लिहायला सोपं आहे, पण वेळ इथेच जातो. ३२० चा ओरखडा १५०० ला दिसतो, तेव्हा परत ३२० वर जावं लागतं. शंका असेल तर पातं एकाच दिव्याखाली धरून फिरवा. ट्यूबलाइटमध्ये काही दिसत नाही, उजेड सगळीकडून येतो. एक बल्ब, खोलीत बाकी अंधार, पातं बल्बाच्या थोडं खाली तिरकं.

ओला पेपर: पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. पेपर एका दिशेने ओढायचा, उचलायचा, परत ओढायचा. ८०० नंतर मागेपुढे केलं तर टोकाला माशाच्या शेपटीसारखे वळसे पडतात. शेवटचे दोन नंबर फक्त लांबीत, मुठीकडून टोकाकडे, एकेका पेपरच्या तुकड्याने पाच-सहा हात, मग तुकडा फेका.

६०० ला एकदा चाचणी घ्या: लिंबाचा रस लावा, मिनिटभराने धुवा. रेघ कुठे आहे, धारेपर्यंत घसरली का, दोन्ही बाजूंना समान आहे का, हे तेव्हाच कळतं. काही दिसलंच नाही तर पुढचे आठ तास वाचतात. परत माती लावून पाणी द्या. नॉर्मलायझिंग करून दुसऱ्यांदा देता येतं, तिसऱ्यांदा तड्याची शक्यता फार.

२००० नंतर आम्ल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड खोदायला फेरिक क्लोराइडचं द्रावण मिळतं. १ भाग द्रावणाला १० ते १५ भाग डिस्टिल्ड वॉटर. गॅरेजमध्ये बॅटरीत टॉप-अपला वापरतात ते (बॅटरीचं ॲसिड नव्हे, बाटली वाचून घ्या). दमास्कससाठी (थरांच्या नक्षीचं पोलाद) घेतात तितकं तीव्र नको, त्याने रेघेतली बारीक धूसरता जळून जाते आणि नुसती काळी-पांढरी हद्द उरते.

पातं ॲसिटोनने पुसा, नंतर बोट लावू नका. उंच प्लॅस्टिकच्या नळीत किंवा बाटलीत सबंध बुडवा. कापसाने फासलं तर पट्टे उमटतात. १० सेकंद, बाहेर, खायच्या सोड्याच्या पाण्यात, धुवा. पात्यावर राखाडी काजळी येते. ती काढायला सिलिकॉन कार्बाइडची १००० किंवा बारीक पूड तेलात कालवून, मेकअपच्या कापसाने, जवळजवळ वजन न देता. परत १० सेकंद. असं सहा-आठ वेळा. मेहनतीत घाई झाली की चौथ्या फेरीला लोक कापूस दाबतात आणि आधीच्या तीन फेऱ्या पुसून टाकतात.

बरोबर झालं असेल तर बल्ब फिरवताना धारेकडचा भाग पहाटेच्या काचेसारखा, बाष्प धरलेला दिसतो. हद्दीवर पांढुरका, तुटक पट्टा असतो, सरळ रेघ नव्हे. जवळून बघितलं तर त्यात ठिपके सुटे दिसतात. हे ठिपके डोळ्यांना एकेक मोजता येतील इतके मोठे असतील तर जपानीत निए, आणि धुक्यासारखे मिसळलेले असतील तर निओई. निए जास्त तावावर येतात.

---

रापण

फेरिक क्लोराइड घरात आणायचं नाही, मुलं आहेत. कोकम चालेल? आंबट तर ते पण आहे.

---

कानसवाला

आगळ (कोकमाचा रस) नको! आगळात मीठ असतं. क्लोराइड पात्यात टाचणीएवढे खड्डे पाडतं, पॉलिशने जात नाहीत. सुकी आमसुलंही बहुधा मिठाचा हात लावलेली. लिंबू घ्या, किंवा साधं ५ टक्के व्हिनेगर.

व्हिनेगर ४०-५० अंश गरम करून त्यात पातं ३-४ मिनिटं, मग तीच काजळी काढायची पद्धत. फेरिकपेक्षा सौम्य, म्हणजे फेऱ्या दहा-बारा, पण बारकावे जास्त राहतात. घाई नसेल तर मी व्हिनेगरच सांगेन.

फेरिक वापरलंत तर हातमोजे, आणि द्रावण नाल्यात ओतू नका. सोड्याने फसफस थांबेपर्यंत निवळवा, तळाचा तपकिरी गाळ वेगळा करा. मोरीच्या फरशीवर सांडलं तर पिवळा डाग कायमचा.

---

कोयती_आकडी

अवांतर नाही, पण जवळचं: बाजारात 'हामोन' असलेल्या ज्या चाकू-तलवारी स्वस्तात मिळतात त्यांच्यावरची रेघ खरी कशी ओळखायची?

---

सूक्ष्मदर्शी

तीन खुणा. खोटी रेघ वायरब्रशने घासलेली किंवा नेलपॉलिशने झाकून आम्लाने काढलेली असते. तिची लाट यंत्राने काढल्यासारखी एकसारखी असते. खऱ्या रेघेची कड तुटक असते, पांढुरकी सीमा असते. टोकाजवळ खरी रेघ वळून पाठीकडे जाते, खोटी बहुतेकदा तशीच बाहेर निघून जाते. आणि शेवटची, मालकाची परवानगी असेल तर: मुठीजवळच्या लहानशा भागावर ४०० पेपर मारून व्हिनेगर लावा. खरी परत उमटते.

दुकानातल्या स्टेनलेस पात्यावर लाट दिसली तर ती खोटीच, तपासायचीही गरज नाही.

---

श्रावणसर

माझं पातं (१०९५) एवढं करून छान दिसलं. दोन आठवडे बांगडे कापले, आता रेघ गेली. सगळं काळपट निळं झालंय. गंजसुद्धा?

---

कानसवाला

@श्रावणसर, तो गंज नाही, मासळीच्या रक्ताने आणि लिंबाने आलेला काळिमा. साध्या कार्बन पोलादाला येणारच, आणि तो तांबड्या गंजापासून थोडाफार वाचवतो. रेघ गेलेली नाही, झाकली आहे. १५०० चा पेपर लांबीत दहा हात, मग २०००, मग व्हिनेगरच्या दोन फेऱ्या. वर्षातून दोनदा पुरे. रोज वापरायच्या सुरीवर कायम चकचकीत रेघेची अपेक्षा ठेवू नका.

तांबडा गंज दिसला तर मात्र त्याच दिवशी. किनाऱ्यावरची खारी हवा आणि जुलै-ऑगस्टचा दमटपणा, उघडं पातं रात्रीतून तांबूस होतं. धुवून, कोरड्या फडक्याने पुसून, दोन थेंब खोबरेल. जवसाचं तेल नको, चिकट पापुद्रा धरतं. फक्त ठेवायच्या पात्याला शिलाई मशीनचं तेल. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका. चामडं दमट हवा ओढून धरतं आणि पात्यावर म्यानाच्या शिवणीचा ठसा गंजाने उमटतो. कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

---

आगटी

कायद्याचं एक, कारण निरोपांत विचारणा आली. शस्त्र कायदा १९५९ च्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. सुरी, आडाळी, कोयती यांत अडचण नाही. 'रेघ छान येते म्हणून एक तलवार करून बघतो' असा विचार असेल तर आधी परवान्याचं बघा. या धाग्यात तलवारीची मापं विचारू नका.

---

रापण

शेवटचा प्रश्न. रेघ मधे सुंदर आहे, टोकाकडे ३० मिमी नाहीच. माती सगळीकडे सारखी होती.

---

सूक्ष्मदर्शी

टोकाला पातं पातळ आणि अरुंद. माती सारखी म्हणजे पात्याच्या जाडीच्या मानाने तिथे जास्तच झाली. ती उष्णता धरून बसली आणि टोक सगळंच मऊ राहिलं. कानस ओढून बघा, टोकाला चावेल.

उलटही होतं: टोक जास्त तापलं तर मातीखालीही पूर्ण कडक होतं, रेघ पाठीवरून बाहेर निघून जाते. मग कानस सगळीकडे घसरते. आधी कानस लावून कोणतं आहे ते ठरवा.

पहिलं असेल तर पुढच्या वेळी शेवटच्या ४० मिमीमध्ये मातीची जाडी २.५ वरून १ मिमीवर उतरवत न्या आणि तिची कड पाठीच्या जवळ घ्या. आशीच्या रेषा टोकाला काढूच नका. दुसरं असेल तर मातीला हात लावू नका, टोक भट्टीत दहा सेकंद उशिरा घाला.

---

रापण

चावते. म्हणजे पहिलं. रविवारी परत माती.